सुरूर ते पोलादपूर : एका घाटरस्त्याची हकिकत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट ओलांडला की थोड्याच वेळात सुरूर गाव येते. तेथे उजव्या हाताला एक रस्ता फुटतो. तो वाईवरून पसरणीचा घाट चढतो, पाचगणी आणि महाबळेश्वर ही दोन थंड हवेची ठिकाणे ओलांडतो, मग आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याशी वळसा घेत कोकणात उतरतो आणि पोलादपूरला मुंबई-गोवा रस्त्यास जाऊन मिळतो. लांबी सारी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. सरकारी नकाशावर त्याची ओळख राज्यमार्ग क्रमांक ७२ एवढीच. वसंत व्याख्यानमाला आणि महाबळेश्वरची सहल ह्या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूतल्या असल्याने येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी हा रस्ता पाहिलेला असणार. पाहिलेला म्हणजे गाडीच्या काचेतून, आणि तोही बहुतकरून दरीच्या बाजूचा. आज आम्ही आपणांस डोंगराच्या बाजूला पाहावयास सांगणार आहोत.

इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच होईल. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, जुनी गॅझेटियरे आणि जुनी हजेरीपत्रके शेजारी शेजारी ठेवून. रस्ता कोणाच्या कारकिर्दीत झाला ते गॅझेटियरात सापडते. कोणाच्या हातांनी झाला ते हजेरीपत्रकात. दोन्ही कागद सरकारीच, पण त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. ती करून द्यावी एवढाच आजचा उद्योग.

प्रथम जमीन पाहू, कारण रस्त्याची निम्मी हकिकत जमीनच सांगते. वाई कृष्णेच्या काठी, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीला आलेले. म्हणजे देशावरून चढावयाचे ते साडेसहाशे मीटर, आणि कोकणात उतरावयाचे ते त्याच्या दुप्पट. पावसाचे प्रमाण तर ह्याहूनही विलक्षण. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून अठरा-एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीस त्याचा साधारण तिसरा हिस्सा; आणि घाट उतरून वाईला आलात की त्याच्याही निम्म्याहून कमी. महाबळेश्वरचा घरमालक भिंतींना गवताच्या झडी बांधून आत बसलेला असतो, त्याच दिवशी वाईच्या पूर्वेचा शेतकरी आभाळाकडे तोंड करून उभा असतो. माथ्यावर जांभा आणि त्याखाली काळा पाषाण अशी ही रचना आहे. जांभा पाणी पितो, पाषाण ते अडवतो, आणि दोहोंच्या सांध्यातून ते पाणी डोंगराच्या अंगाने बाहेर येते. झरे तेथेच, आणि दरडीही बऱ्याचशा तेथेच. हे ध्यानात ठेवावे. शेवटी उपयोगी पडेल.

आता माणसांकडे येऊ. सतराव्या शतकात येथे रस्ता नव्हता. वाट होती, आणि ती बिकट होती हीच तिची किंमत होती. जावळीचे मोरे ह्या बिकटपणाच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या नांदले. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, प्रतापगड बांधविला, आणि १६५९ मध्ये अफझलखान वाईस तळ देऊन बसला तेव्हा वाईच्या उघड्या मुलखात उतरण्याचे नाकारून खानालाच जावळीच्या रानात आणले. खान उतरला तो रडतोंडीच्या घाटाने पारास. घाटाचे नाव ज्याने ठेवले त्याने तो पाठीवर ओझे घेऊन चढलेला असला पाहिजे. पुढे इंग्रजांच्या कानाला हे नाव ‘रोटुंडा’ असे ऐकू आले आणि त्यांच्या पुस्तकांत ते तसेच छापले गेले. रोटुंडा म्हणजे घुमटाची गोल इमारत! रडणाऱ्या तोंडाचा घुमट झाला, आणि ओझेवाल्याचे रडणे नकाशावरून नाहीसे झाले.

साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की, खान ज्या वाटेने येणार होता त्या वाटेवरचे रान महाराजांनी तोडून घेतले आणि बाकीच्या वाटा बंद केल्या. म्हणजे ह्या मुलखातला रस्ता रुंद करण्याचा जो उल्लेख आम्हांस प्रथम भेटतो, तो शत्रूला आत घेण्यासाठी केलेल्या कामाचा आहे. आमच्या मते ही गोष्ट वाघनखांइतकीच मोलाची आहे. शाळेच्या पुस्तकांत मात्र तिला एक ओळही मिळत नाही. त्या कुऱ्हाडी कोणाच्या होत्या, हे डफ सांगत नाही. पारच्या ओढ्यावर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. त्याचे दगड ज्यांनी घडविले त्यांचीही नावे नाहीत, पण त्यांचे काम सापडते. वाट होती त्या काळी माणूस रस्त्याला घाबरे. रस्ता झाल्यावर रस्त्याला माणूस लागू लागला, तो सतत लागू लागला.

इंग्रजांना डोंगर लागले ते लढण्यासाठी नव्हे, उन्हाळ्यासाठी. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. त्याच्या नावाचा खांब एका टोकावर उभा आहे. चार वर्षांनी गव्हर्नर माल्कम येऊन राहिला, आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा कंपनीने घेतली. मोबदल्यात महाराजांना खंडाळे गाव मिळाले. ते लोणावळ्याजवळचे नव्हे, खंबाटकीच्या अलीकडचे. वस्तीला माल्कमपेठ हे नाव पडले. साताऱ्याहून मेढ्यावरून वर येणारा रस्ता प्रतापसिंह महाराजांनी करविला. साहेबलोक पालखीत, मडमा डोलीत, आणि सामान गावोगावच्या वेठकऱ्यांच्या डोक्यावर, असा तो काळ. ज्या महार समाजाकडे वतनाने गावकामगारकी होती त्याच्या वाट्याला हे ओझे सर्वांत अधिक आले. वतन म्हणजे मान, असे आपण समजतो. ह्या वतनात रात्री-बेरात्री साहेबापुढे धावणे होते. ती वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

येथे एक हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. महाबळेश्वरास इंग्रजांनी एक तुरुंग ठेवला होता. त्यात शे-सव्वाशे कैदी असत, आणि त्यांतले पुष्कळसे चिनी व मलायी होते. सिंगापूर-पेनांगकडच्या वसाहतींत शिक्षा झालेली ही माणसे समुद्र ओलांडून येथे आणली जात. इकडचे कैदी सिंगापुरास नेऊन तेथले रस्ते त्यांच्याकडून करवून घ्यावयाचे आणि तिकडचे कैदी येथे आणावयाचे, असा हा दुहेरी व्यापार होता. परक्या मुलखातला कैदी पळून जाणार कोठे? महाबळेश्वरच्या जुन्या सडकांवर ह्या माणसांनी घाम गाळला. ज्यांचे हात सडकेच्या कामाला चालेनासे झाले ते वेताच्या खुर्च्या-टोपल्या विणीत. बटाट्याची आणि विलायती भाज्यांची लागवड पठारावर वाढली तीत त्यांचा मोठा भाग होता. काही जण सुटकेनंतर येथेच राहिले, इकडच्या बायकांशी संसार करून भाजीचे मळे करू लागले. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज बाजारपेठेत आपण गाजर-बटाटे घेतो ते घासाघीस करून घेतो. त्या गाजराची कुळकथा साखळदंडापर्यंत जाते हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

पाचगणीची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. जॉन चेसन ह्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पाच गावांच्या मधली ही जागा वसविली, सिल्व्हर ओकची झाडे लावली. मागाहून शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले. हवा उत्तम होती, पण ती विकत होती. गिरणीत कापसाचा कोंडा छातीत भरून खोकणारा कामगार, अथवा खडी फोडून फोडून दगडाची धूळ फुप्फुसात साठलेला वडार, पाचगणीला गेला नाही. मुंबईत असला तर शिवडीच्या रुग्णालयात गेला आणि खेड्यात असला तर घरीच राहिला.

कोकणात उतरणारा आजचा घाटरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातला. त्यास नाव दिले गेले ते १८६७ ते १८७२ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झेराल्डचे. दीडशे वर्षांच्या आत ते नाव लोकांच्या जिभेवरून गळून पडले. ड्रायव्हर, कंडक्टर, गुराखी सगळे आंबेनळीच म्हणतात. रडतोंडीला बाटविता आले, आंबेनळीला नाही. ह्या घाटामुळे मुंबईहून येणारा मनुष्य आगबोटीने सावित्रीच्या खाडीतून दासगावापर्यंत येई आणि तेथून महाड-पोलादपूर करीत चाकाच्या गाडीने वर चढे. त्याच दासगावच्या धक्क्यावर १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बोटीतून उतरले. देशावरची वाट निराळी होती. पुण्याहून टांगा करून पसरणीच्या घाटाने यावयाचे. आणि दक्षिणेकडची रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनावर उतरून वाईवरून वर चढावयाचे.

घाट ज्या दशकात झाला त्याच दशकात दख्खनवर १८७६-७७ चा दुष्काळ पडला. सातारा जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके होरपळले. सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि दुष्काळी काम म्हणजे मुख्यत्वे रस्ता आणि तलाव. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल ह्याने मजुरी खाली आणली. गड्याला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक रत्तल, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य पुरते काय, ह्यावर मद्रासेतील डॉक्टर कॉर्निश ह्याने सरकारशी उघड वाद घातला. शिवाय गावाजवळची कामे बंद करून मजुरांना दूरच्या मोठ्या छावण्यांवर चालत जाण्याचे हुकूम सुटले.

मग जे घडले त्यासाठीच आम्ही ही सारी वाट चालून आलो आहोत. उपाशी माणसांनी काम सोडले. हजारोंच्या संख्येने सोडले. पोटात अन्न नाही, घरी दाणा नाही, आणि तरीही कमी केलेली मजुरी आम्ही घेणार नाही, दूरच्या छावणीवर जाणार नाही, असे म्हणून माणसे बायकामुलांसह उठून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले न्यायमूर्ती रानडे ह्यांनी, गावोगावच्या हकिकती गोळा केल्या आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठविले. वसंत व्याख्यानमालेची प्रथा ज्या रानड्यांच्या नावाशी जोडली जाते ते हेच. व्यासपीठावरचे रानडे आपल्याला माहीत आहेत. खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीचे आणे मोजणारे रानडे तितकेसे माहीत नाहीत.

कामगार चळवळीच्या बऱ्याच पुस्तकांत पहिला संप म्हणून १८७७ चा नागपूरच्या एम्प्रेस मिलचा संप येतो. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या त्या १८८४ मध्ये. एम्प्रेस मिलचा मान काढून घेण्याची आमची इच्छा नाही. पण त्याच सालात, एका प्रांतात पसरलेला, मजुरीच्या दरावरून झालेला, हजारो रस्ते-कामगारांचा संप ह्या यादीत का नाही? उत्तर एवढेच की गिरणीला फाटक असते, भोंगा असतो. ती बंद पडली म्हणजे दिसते. रस्त्याचे काम बंद पडले तर तेथे फक्त अर्धवट खडीचा ढीग दिसतो. शिवाय दुष्काळी मजुराला कामगार म्हणण्याची आपली तयारी नसते. तो आपल्या लेखी दयेचा विषय. टेंपल मात्र त्याच सालात मुंबईचा गव्हर्नर झाला.

विसाव्या शतकात रस्त्यावर मोटार आली, डांबर आले, आणि १९४८ मध्ये राज्य परिवहनाची एस. टी. सुरू झाल्यावर काही वर्षांत लाल गाडीही आली. पण ह्या गाड्यांतून वर जाणारे आणि खाली जाणारे एकाच कामासाठी जात नव्हते. वर चढणारा पाहुणा हवा खावयास येई. खाली उतरणारा जावळीचा, महाबळेश्वरच्या खोऱ्यातला, पोलादपूरच्या वाड्यांतला तरुण मुंबईस जाई. गिरणीत, गोदीत, मशीद बंदरच्या गोदामांत. भात आणि नाचणीवर घर चालत नसल्याने घरटी एक माणूस मुंबईला, हा ह्या डोंगराचा नियम. सातारा आणि कोकण ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविली आणि बाजाराला माथाडी पुरविले. पाटणकडच्या अण्णासाहेब पाटलांनी ह्याच माणसांची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पाठीवरच्या ओझ्याला कायद्याने किंमत लावून देणारी ती गोष्ट होती. रडतोंडीच्या चढणीपासून तेथवर यावयास किती वर्षे लागली हे ज्याने त्याने मोजावे. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या, तेव्हा ह्याच रस्त्याने पुष्कळ माणसे वळकटी घेऊन परत आली. आमच्या लहानपणी ती परत येताना आम्ही पाहिली आहेत.

३० नोव्हेंबर १९५७ ह्या दिवसाचा उल्लेख केल्यावाचून ह्या रस्त्याची हकिकत पुरी व्हावयाची नाही. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यास पंतप्रधान नेहरू आले. द्वैभाषिक राज्य लादलेले होते, मुंबईसह महाराष्ट्राची मागणी पुरी झालेली नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक काळी निशाणे घेऊन पसरणीच्या घाटात आणि कोकणच्या अंगाला पोलादपूरकडेही रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांत शेतकरी होते आणि मुंबईहून आलेले कामगारही होते. निदर्शने शांततेने पार पडली. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, कामगारांच्याच दिवशी, राज्य झाले. शाहीर साबळे ह्याच पसरणी गावचे, १९२३ सालचा त्यांचा जन्म; त्यांच्या आवाजाने घरोघर पोहोचलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत ठरले. राजकीय घटना रस्त्यावर घडतात असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही तर अक्षरशः रस्त्याच्या कडेच्या गटारात पाय ठेवून घडली, कारण घाटात उभे राहावयास दुसरी जागाच नसते.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणे पुन्हा आले. फरक असा की ह्या वेळी मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हा विचार वि. स. पागे ह्यांच्या आग्रहाने रोजगार हमी योजनेच्या रूपाने मान्य झाला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविला गेला. आपल्यापैकी जे पगारदार आहेत त्यांनी आपली पगाराची पावती काढून पाहावी. महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतील. शहरातल्या पगारातून कापून खेड्यातल्या हाताला काम द्यावयाचे, असा तो हिशेब होता. त्या वर्षांत फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्ता न होताच गवताखाली गेले, ही टीका खोटी नाही. पण त्या ढिगाने किती चुली पेटल्या हे टीकाकार लिहीत नाहीत. आठशे घमेली टाकल्यावर मिळालेला दाम आणि फुकट मिळालेली शिधापिशवी ह्यांतला फरक घेणाऱ्याला कळतो.

दुष्काळी मजूर रस्ता करून निघून जातो. रस्ता राखतो तो मैलकुली. हा शब्द आता नव्या पिढीस समजावून सांगावा लागतो. ठराविक अंतराच्या टप्प्याला बांधकाम खात्याचा एक कायमचा माणूस नेमलेला असे. चार-सहा टप्प्यांवर एक मुकादम. मैलकुलीची हत्यारे म्हणजे फावडे, कुदळ, घमेले, विळा. त्याचे काम खड्डा बुजविणे हे समजले जाते, पण घाटात त्याचे खरे काम पाण्याशी असते. घाटरस्ता एका बाजूने डोंगर कापून आणि दुसऱ्या बाजूने भराव घालून केलेला असतो. डोंगराच्या अंगाला गटार. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याखालून पलीकडे नेणारी मोरी. दरीच्या अंगाला भराव धरून ठेवणारी दगडी भिंत, आणि त्या भिंतीत पाणी झिरपून जावे म्हणून ठेवलेली भोके. गटारात मुरूम आणि पालापाचोळा साठला की पाणी मोरीत जात नाही, रस्त्यावरून आडवे वाहते. तेथून ते भरावात मुरते. भिंतीची भोके बुजलेली असली तर पाणी आतच कोंडते, भराव फुगतो, भिंत पोटासारखी बाहेर येते, आणि एखाद्या रात्री रस्त्याचा तुकडा दरीत जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अतिवृष्टीने रस्ता खचला’ अशी बातमी येते. अतिवृष्टी खरीच, पण वरती सांगितलेला जांभ्याचा आणि पाषाणाचा सांधा ज्या डोंगरात आहे तेथे गटार साफ ठेवणारा माणूस हाच धरणाचा दरवाजा होय.

ह्या माणसांपैकी पुष्कळसे रोजंदारीवर असत. कालेलकर लवादाच्या तडजोडीने त्यांना एक हक्क मिळाला : सलग पाच वर्षे नोकरी झाली की रूपांतरित आस्थापनेवर घ्यावयाचे, म्हणजे वेतनश्रेणी, रजा, निवृत्तिवेतन. ‘सलग’ ह्या एका शब्दावर आमची कित्येक वर्षे खर्च झाली आहेत. एका कचेरीचा आम्हांस अनुभव आहे. नाव घेत नाही. तेथे दरसाल मे अखेरीस काही नावे हजेरीपत्रकातून उडविली जात आणि जुलैच्या मध्याला पुन्हा चढविली जात. सलगता मोडली की हक्क मोडला. ह्यात मजुराचे नुकसान झालेच, पण मौज पाहा : जून-जुलै हेच घाटात पाण्याचे दिवस. ज्या सहा आठवड्यांत गटारावर माणूस हवा नेमक्या त्याच सहा आठवड्यांत तो घरी बसविलेला. पुढे मैलकुलीची भरतीच थांबली. जुने निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी ठेकेदार आला. ठेकेदाराची माणसे वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. ती मोसमी असतात. कोणत्या वळणावर तिसऱ्या पावसात पाणी फुटते हे वीस वर्षे एकाच टप्प्यावर राबलेल्याला ठाऊक असते; ते ज्ञान निविदेत लिहिता येत नाही.

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीच्या घाटात दाभीळ टोकाजवळ दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. तीसएक माणसे गेली, एकच वाचला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेले आणि ऐंशीवर माणसे मेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला आणि वाहतूक कित्येक आठवडे बंद पडली. इतका पाऊस कोणत्याही गटाराच्या आवाक्याबाहेरचा, हे आम्ही मान्य करतो; डोंगरच सुटला तर फावडे काय करणार? पण त्या पावसानंतर घाटातल्या वाड्यांना दवाखाना, बाजार आणि शाळा ह्यांपासून किती काळ तुटून राहावे लागते, ते रस्ता किती माणसांच्या हाती सोपविलेला आहे ह्यावर पुष्कळसे अवलंबून असते. आणि मोठी दरड वर्षांतून एकदा येते. बुजलेली मोरी दर सालची.

मृग निघण्यास आता फार दिवस उरलेले नाहीत. घाटातली कामे त्याआधी उरकावी लागतात : गटारांतला मुरूम काढणे, मोऱ्यांची तोंडे मोकळी करणे, भिंतींची भोके टोकरणे, सुटे धोंडे खाली घेणे, कठड्यांना चुना देणे. ह्या वर्षी ती कितीजणांवर सोपविली आहेत, हे विचारण्यास कोणाच्या ओळखीची गरज नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट-फी तिकीट, आणि तीस दिवसांत उत्तर. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या त्या त्या उपविभागास तीन गोष्टी विचाराव्यात : राज्यमार्ग ७२ च्या घाटभागात मैलकुलीची मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती, आणि पावसाळ्यापूर्वीच्या कामाच्या हजेरीपत्रकाची नक्कल. अर्जाचा मजकूर आम्ही लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो दाराशी ठेवलेल्या टेबलावर मिळेल.